गुरं आत सोडा

नव्वदच्या दशकात सातारा, नगर, पुणे या पट्ट्यात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार तोंडपाठ असतील. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण या पाच शब्दांवर बेतलं की पहिलं नाही तरी उत्तेजनार्थ बक्षीस ठरलेलं. त्यातली चराईबंदी माझ्या मनात सगळ्यांत घट्ट बसली, कारण तिचा पुरावा डोळ्यांना दिसायचा. एकीकडे शेळ्यांनी कुरतडून ठेवलेला उघडाबोडका डोंगर, दुसरीकडे चर खणलेला, गुरांना मज्जाव केलेला, गुडघाभर गवताचा डोंगर. यात वाद घालण्यासारखं होतं काय? गवत वाढलं की माती थांबते, माती थांबली की पाणी मुरतं. म्हणजे निसर्ग वाचवायचा तर आपण आणि आपल्या गुरांनी बाहेर थांबायचं. बरीच वर्षं मी हे मानत आले. आता सरसकट मानत नाही, आणि त्याला कारण कॅलिफोर्नियातलं एक वीतभर उंचीचं पिवळं फूल आहे.

आधी आजोळाबद्दल सांगायला हवं, कारण भांडण तिथलं आहे. माझं आजोळ कास पठाराच्या खालच्या अंगाला. मामांकडे म्हशी होत्या आणि त्या पठारावर चरायला जायच्या. लहानपणी त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पुढे मी अमेरिकेत आले, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांमध्ये कासचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं, सप्टेंबरात फुलं बघायला गाड्यांची रीघ लागू लागली, पठाराला तारेचं कुंपण पडलं. गुरंही बाहेर आणि माणसंही. मला ते मनापासून पटलं होतं. फोनवर मामा कुरकुरले, ‘आगं, म्हसरं पिढ्यान्‌पिढ्या चरत्यात तिथं. फुलं काय काल उगवाय लागली व्हय?’ मी म्हणाले, ‘मामा, हे शास्त्र वेगळं असतं.’ त्यांनी विषय बदलला, भाचीच्या शिक्षणाचा मान म्हणून.

माझं शास्त्र म्हणजे काय होतं, तर शाळेतलं भाषण.

मी राहते ते फ्रीमॉन्ट सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावर आहे. इथे मराठी माणूस शोधावा लागत नाही. किराणा दुकानात ज्वारीच्या पिठाची पिशवी उचलताना हमखास कुणीतरी ‘हे पीठ चांगलं लागतं का हो?’ म्हणून विचारतं. शहराच्या दक्षिण टोकाला वॉर्म स्प्रिंग्ज नावाचा भाग आहे. तिथे मोटारींचा अवाढव्य कारखाना आहे, २०१७ साली सुरू झालेलं बार्ट रेल्वेचं स्टेशन आहे, रोज एक मजला चढावा अशा वेगानं उभ्या राहणाऱ्या इमारती आहेत. आणि या सगळ्याच्या पलीकडे, उपसागराच्या बाजूला, कुंपणाआड एक सपाट माळ आहे. लांबून बघितलं तर एखादी विकायची राहून गेलेली जमीन वाटावी. तो डॉन एडवर्ड्स राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याचा तुकडा. एरवी लोकांना बंद असतो. वसंतात ठरलेल्या दिवशी माहितगार माणसाबरोबर आत नेतात.

आत आहेत ती तळी, पण तळी म्हणावं इतकं पाणीही त्यांत नसतं. इथला पाऊस हिवाळ्याचा. जमिनीखाली चिकणमातीचा असा घट्ट थर की पाणी खाली उतरत नाही, म्हणून जिथे जिथे खोलगट आहे तिथे ते साठून राहतं, घोटाभर, कुठे गुडघ्याच्या खाली. मार्च उजाडला की आटायला लागतं. आटत्या पाण्याच्या काठाकाठानं फुलांची एकेक कडी उमटत जाते, बाहेरून आत. मेअखेर सगळं वाळून जमिनीला भेगा. यांना इथे व्हर्नल पूल म्हणतात. कोकणातल्या सड्यांवर किंवा कासच्या कातळावर पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. दोन्हीकडे पाण्यात पारदर्शक, उताणी पोहणारी बारकी कोळंबीसारखी जीवजात असते, फेअरी श्रिम्प. तिची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. फरक एवढाच की कॅलिफोर्नियातली अशी तळी नव्वद टक्क्यांहून जास्त नांगराखाली आणि घरांखाली गेली आहेत.

उरलेल्यांपैकी मोजक्या तळ्यांच्या काठी कॉन्ट्रा कोस्टा गोल्डफिल्ड्स उगवतं. शास्त्रीय नाव लास्थेनिया कॉन्ज्युजेन्स. सूर्यफुलाच्या, झेंडूच्या कुळातलं. एका वर्षाचं आयुष्य: शरदातल्या पहिल्या पावसात रुजायचं, हिवाळा पाण्यात नाहीतर चिखलात काढायचा, वसंतात फुलायचं आणि उन्हाळ्याच्या आत बी टाकून मरायचं. याची भावंडं कॅलिफोर्नियाभर आहेत आणि त्यांतली काही इतकी मुबलक की वसंतात टेकड्या पिवळ्याधमक होतात, लोक फोटो काढायला मैलोन्‌मैल गाड्या हाकतात. हे तसं नाही. १९९७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं याला धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत घातलं. सगळ्यांत मोठा साठा उत्तरेला सोलानो काउंटीत, फेअरफील्ड आणि ट्रॅव्हिस हवाई तळाच्या आसपास. बाकी इकडे थोडं, तिकडे थोडं. आमच्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये एक.

उभ्यानं बघितलं तर ते आणि त्याचं भावंड यांत फरक कळत नाही. गुडघे टेकून, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून फूल उलटं करायचं. पाकळ्यांच्या खाली हिरव्या पानुल्यांची एक ओळ असते. जवळच्या भावंडात ती सुटी सुटी असतात. याच्यात ती बुडाकडून अर्ध्यापर्यंत एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एक छोटीशी हिरवी वाटी तयार होते आणि फूल त्या वाटीत बसवल्यासारखं दिसतं. मग बी बघायचं. दीड मिलिमीटरही नसेल, आणि त्याला तुरा नाही. या कुळातल्या कितीतरी झाडांचं बी रुईच्या म्हातारीसारखं वाऱ्यावर निघून जातं. याची ती सोय नाही. जिथे फुललं तिथेच पडायचं. म्हणजे एका तळ्यावरून गेलं की शेजारच्या तळ्यावरून उडत परत येईल ही आशा धरता येत नाही. शिवाय स्वतःच्याच परागानं बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणायला माशी लागते.

ती माशी हा या कथेतला माझा लाडका भाग आहे, म्हणून जरा विषयांतर. डेव्हिसच्या विद्यापीठातले रॉबिन थॉर्प यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं व्हर्नल पुलांवरच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांवर घालवली. आंद्रेना प्रजातीतल्या. पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. मादी तळ्याजवळच्या कोरड्या, उंचवट्याच्या जमिनीत बीळ खणते, ठरावीक फुलांचाच पराग गोळा करते, त्याची गोळी करून त्यावर अंडं घालते आणि बीळ बुजवून टाकते. त्यांतल्या काही गोल्डफिल्ड्सवरच्या. पिल्लू पुढच्या वसंतात नेमकं फुलं उघडायच्या सुमाराला बाहेर येतं. पाणी साचतं ती जागा वाचवून भोवतालचा उंचवटा बिल्डरला दिला, तर फूल राहील आणि माशी जाईल. कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट फार उशिरा कळली, काहींना अजून कळलेली नाही.

तर अशा फुलाच्या मुलखात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माळावर गाई चरत होत्या.

शोभेला दोन-चार नव्हेत, चांगला कळप. काळ्या, धष्टपुष्ट, कानात पिवळे बिल्ले. तळ्याच्या काठच्या चिखलात खुरांचे खोल ठसे, त्यांत पाणी. शेणाचे पो. धोक्यात आलेल्या वनस्पतीच्या, सरकारी, कुलूपबंद अभयारण्यात! आमच्याकडे मामांच्या चार म्हशींना तारा आडव्या, आणि इथे हे. मला पहिली शंका आली ती पैशाची. कुणातरी रँचवाल्याला स्वस्तात कुरण मिळत असणार आणि अधिकारी डोळेझाक करत असणार. मी विचारलंही, जरा चढ्या आवाजात. बरोबरची बाई स्वयंसेवक होती, साठी उलटलेली, तिनं वाद घातला नाही. गाई मुद्दाम आणल्या आहेत, परकं गवत खायला, एवढं म्हणाली आणि पुढे चालू लागली. माझं समाधान झालं नाही. घरी येऊन मी अभयारण्याच्या कार्यालयाला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात हिवरे बाजारही होतं.

माझ्या बाजूनं मोठी माणसं होती, हेही सांगते. जॉन म्यूर १८६८ साली ऑकलंडहून पायी निघून सॅन होजेवरून, म्हणजे आमच्याच या पट्ट्यातून, पाचेको खिंडीपर्यंत गेला आणि पलीकडे फुलांनी भरलेलं खोरं पाहून वेडावला. पुढच्याच वर्षी तो पोटासाठी मेंढ्यांच्या कळपाबरोबर सिएरा नेवाडात गेला, त्या कळपांनी डोंगरकुरणांचं काय केलं ते त्यानं पाहिलं आणि आयुष्यभर मेंढ्यांविरुद्ध लिहिलं. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानांची कल्पना ज्या माणसांनी रुजवली त्यांत तो अग्रणी. म्हणजे चराईबंदीला राळेगणपासून योसेमिटीपर्यंत आधार होता, आणि मी दोन्हीकडची.

जेमी मार्टी यांचा २००५ सालचा शोधनिबंध मी वाचला तो त्यातल्या चुका काढण्यासाठी. पत्राच्या उत्तरात त्याचा उल्लेख होता. सॅक्रामेंटो काउंटीतल्या एका जुन्या रँचवर त्यांनी तळ्यांचे चार गट पाडले. एका गटात नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ऑक्टोबर ते जून गाई. दुसऱ्यात फक्त ओल्या हंगामात. तिसऱ्यात फक्त कोरड्या. चौथ्यात अजिबात नाही. म्हणजे चौथा गट माझा, चराईबंदीचा. तीन वर्षांनी मोजलं. माझ्या गटात परकी गवतं नेहमीच्या चराईच्या तळ्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी जास्त होती, आणि देशी झाडांचा वाटा ४७ टक्क्यांनी कमी. इथपर्यंत मी मान हलवत होते, ठीक आहे, गवत वाढलं की फुलं दबणार, पण दुसरा काही उपाय करता येईल, माणसं लावून गवत कापता येईल.

मग पाण्याचा आकडा आला. गाई बंद केलेल्या तळ्यांत पाणी टिकण्याचा काळ ५० ते ८० टक्क्यांनी घटला होता.

तोच परिच्छेद मी परत परत वाचला. पाऊस सगळीकडे सारखा, जमीन तीच, आणि गाई नाहीत म्हणून तळं निम्म्याहून लवकर आटतं? मार्टी यांनी सुचवलेलं कारण साधं आहे. उभं गवत जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडत राहतं. गवत जेवढं दाट, तेवढा उपसा जास्त. भूमध्य समुद्राकाठून आलेली ही एका वर्षाची गवतं हिवाळ्यात वाढायला लागतात, म्हणजे नेमकी तळी भरायच्या वेळी, आणि इटालियन रायग्राससारख्या गवताला तर पाय पाण्यात असले तरी चालतं. खुरांनी माती दाबली जाऊन पाणी मुरायचं कमी होतं, हीही शक्यता त्यांनी मांडली होती. या तळ्यांत वाढणाऱ्या टायगर सॅलमँडर या उभयचराच्या पिल्लांना पाण्यातून बाहेर यायला दोन-अडीच महिने तरी लागतात; तळं त्याआधी आटलं तर तिथेच संपली. फुलांचंही तेच. तळं ओलं राहतं म्हणून तिथे परकं गवत माजत नाही, आणि गवत माजत नाही म्हणून तळं ओलं राहतं. हे चक्र एका बाजूला फिरवायला गाय लागते, आणि गाय काढून घेतली की ते उलटं फिरतं.

आणि हे माझ्या शाळेतल्या भाषणाच्या बरोबर विरुद्ध होतं. गवत वाढलं की पाणी टिकतं, हे मी पोटतिडकीनं सांगत आले होते. डोंगरउतारावर ते खरंच आहे. हिवरे बाजारच्या विहिरींना पाणी आलं ते कुणी नाकारू शकत नाही, मीही नाकारत नाही. पण तिथे हवं होतं ते पाणी जमिनीखाली, विहिरीत. इथे पाणी जमिनीवर हवं आहे, उघड्यावर, आणि तेही ठरावीक दिवसच. तिथे गवत नव्हतं हे दुखणं होतं. इथे गवत, आणि तेही बाहेरून आलेलं, हेच दुखणं. एकाच औषधाची चिठ्ठी घेऊन मी दोन वेगळ्या रोग्यांकडे गेले होते.

तरीही मी लगेच बाजू बदलली असं नाही. एक रँच, तीन वर्षं, त्यात माझं फूल नाही, असे मुद्दे माझ्याकडे शिल्लक होते. ते ढिले केले ट्रॅव्हिस तळाजवळच्या कामानं. तिथे शॅरन कॉलिंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली २५६ तळी खणली. यंत्रानं, मापून, तीन आकारांची. आणि त्यांत देशी फुलांचं बी पेरलं, त्यात हे गोल्डफिल्ड्ससुद्धा. विझत चाललेलं फूल नव्या घरात बसवायचा एवढा मोठा प्रयत्न क्वचित झाला असेल. सुरुवातीची काही वर्षं ते झकास आलं. बांधलेली तळी पिवळी झाली, अहवालांत आनंद दिसतो. मग वर्षं जात गेली तशी परकी गवतं कडेनं आत सरकली, मेलेल्या गवताचा थर साचू लागला आणि फुलांची संख्या घसरत गेली. तळी तिथेच आहेत. त्यांत कुणी नांगर घातलेला नाही, घर बांधलेलं नाही. फुलाला फक्त जागा मिळवून दिली की बाकीचं ते बघून घेईल, या समजुतीचं तिथे काय झालं ते मला दिसलं.

गवताचा हा थर काय असतो ते मी हातानं पाहिलेलं आहे. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याला लागून एक पट्टा आहे, तिथे गाई जात नाहीत. जूनमध्ये तिथे वाकून गवत बाजूला केलं तर जमीन लागायच्या आधी बोटभर जाडीची, राखाडी, चिवट गादी लागते. दोन-तीन वर्षांचं गवत एकमेकांत विणलं गेलेलं. इथे उन्हाळ्यात पाऊस नाही, त्यामुळे ते कुजत नाही, नुसतं साठत जातं. ती गादी उचलायला नखं लावावी लागतात. दीड मिलिमीटरचं बी यावर पडलं तर मातीला टेकणारच नाही, आणि टेकलं तरी कोंबाला ऊन दिसायला किती वर चढावं लागेल याचा हिशेब करा. कुंपणाच्या आत, दहा पावलांवर, उघडी माती होती आणि वाळलेल्या गोल्डफिल्ड्सच्या काड्या ओळीनं उभ्या होत्या.

गाय मूळची इथली नाही, हा आक्षेप माझा मलाच बराच काळ पुरला. आजच्या फ्रीमॉन्टच्या हद्दीत मिशन सॅन होजे आहे. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी ते उभारलं आणि त्याची गुराढोरं या सगळ्या सपाटीवर पसरली. त्याआधी इथे एल्क आणि प्राँगहॉर्न चरत होते, इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक गवताला ठरवून आग लावत होते. एल्क गेले, आग लावणाऱ्यांना मिशनमध्ये कोंडलं गेलं, आणि युरोपातून माणसांबरोबर गुरं आली तशी तिथली गवतंही आली. तेव्हा आज माळावर जी लढाई चालली आहे त्यातले दोन्ही पक्ष बाहेरचे, गवतही आणि गायही. मूळ बंदोबस्त परत आणायचा तर एल्क आणि आग दोन्ही आणायला हवेत, आणि मोटारीच्या कारखान्याला लागून आग लावायची परवानगी कोण देणार? मग जी गाय आहे तिच्याकडून काम करून घ्यायचं. हे मला अजूनही थोडं तडजोडीचं वाटतं. वाटू दे.

त्याहून पचायला जड गेली ती दुसरी गोष्ट. कॅलिफोर्नियात जी व्हर्नल पुलं आज उरली आहेत त्यांतली बरीचशी गुरांच्या रँचवर उरली. शेतकऱ्यानं माळ सपाट करून नांगरला, बिल्डरनं भर टाकून घरं बांधली; खड्डे जसेच्या तसे ठेवले ते रँचवाल्यानं. काही प्रेमापोटी ठेवले असं नाही. गुरांना खड्ड्याची अडचण होत नाही, एवढंच. ज्या माणसाला मी मनातल्या मनात लुबाडणारा ठरवलं होतं, त्याच्या आजोबा-पणजोबांनी काही न करता जे राखलं, ते आता आम्ही भिंगं घेऊन बघायला जातो. हे कबूल करताना माझ्यातली शाकाहारी, पर्यावरणवादी बाई बरीच कुरकुर करते. या गाई शेवटी खाटकाकडे जातात. त्यांच्या ढेकरातून मिथेन जातो. हे दोन्ही आक्षेप मी सोडलेले नाहीत. फक्त या माळाचा निवाडा करताना ते बाजूला ठेवायला शिकले.

आणि खऱ्या शत्रूबद्दल माझं मत तसूभर हललेलं नाही. ही तळी जातात ती वर डांबर आणि काँक्रीट पडलं की. केंद्राच्या यादीत नाव असलं तरी खासगी जमिनीवरच्या वनस्पतीला त्या कायद्याचं संरक्षण प्राण्यांइतकं नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सॅकेट खटल्यात निकाल दिला आणि नदीला थेट न जोडलेल्या पाणथळ जागांवरून केंद्राच्या जलकायद्याचं छत्र बरंचसं काढून घेतलं. व्हर्नल पूल तर बहुतेक असेच, कुणाला न जोडलेले. राज्याचे स्वतःचे नियम आहेत म्हणून बरं. जिथे बिल्डर येऊ शकतो तिथे मी आजही कुंपणाच्या बाजूनं उभी राहीन. माझा बदल झाला आहे तो कुंपणाच्या आत काय चालावं याबाबत.

गाई म्हणजेही किती, कधी, कुठल्या वर्षी, हे सगळं आलंच. पाऊस कमी झाला तर गवत कमी, तेव्हा तेवढ्याच गाई माती उकरून काढतील. चरणारं तोंड फूल आणि गवत असा भेद करत नाही. दाबलं कोण जातं हे प्रमाणावर ठरतं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी एका वसंतात तिथे नेलं तेव्हा एका काकांनी सगळं ऐकून घेऊन विचारलं, ‘म्हणजे चराई चांगली असं म्हणायचंय का तुम्हाला?’ मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, माती, पाऊस, गवताची जात असं काहीतरी सांगत बसले. काकांना ठोस उत्तर हवं होतं. त्यांची निराशा झालेली दिसली.

मधल्या काळात कासवर काय झालं ते बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. फुलं पूर्वीसारखी येत नाहीत, गवत माजलं, अशी ओरड गावकऱ्यांनी केली, अभ्यासकांपैकीही काहींनी केली, आणि तारेचं कुंपण काढलं गेलं. कास म्हणजे वॉर्म स्प्रिंग्ज नव्हे. तिथला कातळ, पाऊस, गवतं सगळं निराळं, आणि सप्टेंबरातल्या गर्दीचे पाय हा तिथला वेगळाच विषय. फुलं मागे हटली ती गवतानं, गर्दीनं की पावसाच्या लहरीनं, हे कॅलिफोर्नियातल्या निबंधावरून ठरवायला मी गेले तर परत तोच उद्योग होईल, एकीकडची चिठ्ठी दुसरीकडे. पण मामांचा प्रश्न, फुलं काय काल उगवायला लागली का, हा प्रश्न म्हणून चोख होता. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं आणि मी शास्त्राचं नाव पुढे केलं होतं.

म्हणून गेल्या दिवाळीत फोनवर मी स्वतःहून विषय काढला. गाईंचं सांगितलं, तळ्याचं पाणी कसं टिकतं ते सांगितलं, २५६ तळी सांगितली. मामा ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘तळी खणली व्हय फुलासाठी? येवढी?’ त्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं. मग मी म्हणाले, ‘मामा, आता तारा निघाल्यात, म्हशी परत सोडायला हरकत नाही.’

‘कुठल्या म्हशी?’ मामा म्हणाले. ‘त्या इकून किती सालं झाली. पोरं पुण्याला, धारा कोण काढणार? गोठ्याला फरशी बसवलीय, संडास काढलाय आतच. शनिवार-रविवार पुण्याची माणसं उतरत्यात, फुलं बघाय येणारी.’ आणि मग हसून, ‘तुमच्यातला तो गाईवाला आसंल मोकळा तर बघ इचारून. जेवायखायचं आपल्याकडं.’